पुस्तकाच्या दुकानी लेखकाची भेट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी गळ घातली म्हणून मी उभी राहिले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि चार माणसांपुढे बोलण्याचा सराव म्हणाल तर तो भाजीवाल्यापुढे बोलण्याइतकाच. "तुमचा आवडता विरंगुळा" असा विषय त्यांनी मला दिला. आपल्यापैकी कुणी भरतकामावर बोलल्या, कुणी भजनावर बोलल्या. मी पुस्तकांच्या दुकानाविषयी बोलणार आहे. दुकान हा काय विरंगुळा झाला, असे पहिल्या रांगेत कुणीसे पुटपुटल्याचे मला ऐकू आले! पण ऐकून तर घ्या. शिवाय येत्या सभेत आपल्या पुस्तकनिधीचा प्रश्न निघणार आहे. त्याचाही या गोष्टीशी संबंध आहे, तो मी पुढे सांगेनच.

मी जाते ते दुकान कोटात आहे. नाव मुद्दामच सांगत नाही, नाहीतर म्हणाल, बाई जाहिरात करायला उभी राहिली. हे दुकान कुठल्या मोठ्या कंपनीचे नव्हे, एका माणसाचे आहे. तेथे अधूनमधून संध्याकाळी एखादा लेखक किंवा लेखिका येते. मधली टेबले बाजूला सारतात, घडीच्या खुर्च्या मांडतात. लेखक आपल्या नव्या पुस्तकातली दहा-पंधरा पाने स्वतः वाचून दाखवतो. मग लोक प्रश्न विचारतात आणि शेवटी ज्याला हवे तो पुस्तक विकत घेऊन त्यावर लेखकाची सही घेतो. तिकीट नाही, निमंत्रण नाही. दार उघडे असते, कुणीही जावे.

आता यात नवे ते काय? आपल्याकडे ऐकण्याची परंपरा फार जुनी आहे. कीर्तनाला आपण लहानपणी आजीच्या पदराला धरून गेलो. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार हे तिघे गावोगाव जाऊन आपल्या कथा सांगत, त्याच्या आठवणी माझे सासरे अजून काढतात. पार्ल्याच्या मॅजेस्टिक गप्पाही तुम्हांपैकी काहींना ठाऊक असतील. पण कीर्तनाला मांडव असतो, कथाकथनाला सभागृह असते. दुकानातले वाचन म्हणजे चार फुटांवरून ऐकणे. लेखक पाणी पिण्यासाठी थांबला की त्याचा हात थरथरतो तेही दिसते. आणि दुसरी गोष्ट म्हणजे प्रकाशन समारंभ. तोही मी पाहिला आहे. त्यात हारतुरे होतात, अध्यक्ष बोलतात, प्रमुख पाहुणे बोलतात, प्रकाशक बोलतात, आणि ज्याचे पुस्तक तो बिचारा शेवटी आभारापुरता उभा राहतो. पुस्तकातले एक वाक्यही कुणाच्या कानी पडत नाही. मला विचाराल तर दुकानातले वाचन शंभर पटीने बरे.

सगळेच लेखक चांगले वाचतात असे मात्र समजू नका. काहीजण इतके तोंडातल्या तोंडात वाचतात की मागच्या रांगेतली माणसे एकमेकांकडे बघू लागतात. एकदा एका बाईंनी, पुष्कळ नावाजलेल्या आहेत त्या, वीस मिनिटे मान वर केली नाही. पण प्रश्न सुरू झाले आणि त्या अशा खुलल्या की काय सांगू! बाळंतपणात लिहिणे सुटले ते पुन्हा कसे धरले, कुणी धरू दिले नाही आणि कुणी धरू दिले, हे त्या सांगत राहिल्या. दुकान बंद करण्याची वेळ उलटून गेली तरी कुणी उठेना.

प्रश्न विचारण्याची आपल्याला भीती वाटते. आपण काय विचारणार, आपण काय शिकलो, असे मनात येते. मी सांगते, तेथे सर्वांत लांबलचक प्रश्न शिकलेली माणसे विचारतात आणि त्यांत प्रश्न कमी, स्वतःचे ज्ञानच अधिक असते. मी माझ्या पहिल्या वेळी एवढेच विचारले की गोष्टीतली सासू शेवटच्या प्रकरणात एकदम गप्प का झाली. लेखक काही वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "हे मला आजवर कुणी विचारले नव्हते." तेव्हापासून मी विचारायला कचरत नाही.

सहीचीही एक रीत आहे, ती सांगून ठेवते म्हणजे तुमची तारांबळ होणार नाही. रांगेत उभ्या असताना दुकानातला मुलगा चिठ्ठ्या वाटतो. तिच्यावर आपले नाव लिहायचे आणि ती आत, नाव छापलेल्या पानावर ठेवायची. सही त्या पानावर होते, वेष्टनावर नव्हे. चिठ्ठी एवढ्याचसाठी की लेखकाला नाव विचारत बसावे लागू नये आणि "सुशीला"चे "सुशिला" होऊ नये. कुणाला भेट द्यायचे असेल तर त्याचे नाव लिहावे. मी माझ्या भाचीच्या डोहाळजेवणाला खणानारळाबरोबर तिच्या नावाची सही घातलेले पुस्तक दिले. साडी कुणी दिली हे ती विसरली, पुस्तक विसरली नाही.

आता मी तुम्हांला जरा दूर, पॅरिसला नेणार आहे. माझी पुतणी कॉलेजात शिकते. तिने वाचनालयातून एका अमेरिकन बाईच्या आठवणींचे इंग्रजी पुस्तक आणले होते. मी पोळ्या लाटायची आणि तिने ओट्याशी बसून एकेक प्रकरण मराठीतून सांगायचे, असा आमचा पंधरा दिवस क्रम चालला होता. तेही एक वाचनच की! त्या बाईंचे नाव सिल्व्हिया बीच. बाप धर्मोपदेशक, घरची काही श्रीमंती नव्हे. १९१९ साली या बाईंनी पॅरिसमध्ये इंग्रजी पुस्तकांचे एक लहानसे दुकान काढले आणि त्याला नाव दिले 'शेक्सपिअर अँड कंपनी'. भांडवल आईने पाठवले. पुस्तके विकायची आणि वर्गणी घेऊन वाचायलाही द्यायची, असा दुहेरी व्यवहार होता. दोन वर्षांनी दुकान ओदेऑं नावाच्या गल्लीत गेले. तेथे समोरच आद्रियेन मोनिए या फ्रेंच बाईंचे दुकान होते. त्यांनी ते १९१५ साली, महायुद्ध चालू असताना काढले होते, आणि कशाच्या जोरावर म्हणाल? त्यांचे वडील टपालखात्यात होते. आगगाडीच्या अपघातात ते जबर जखमी झाले. त्याची जी भरपाई मिळाली ती सगळी त्यांनी मुलीच्या हाती ठेवली. हे ऐकताना माझी पोळी करपली, हे मला आठवते. अशा पैशाचे आपल्याकडे काय होते ते तुम्ही जाणता, आणि मुलीच्या हाती तर तो क्वचितच पडतो.

तर अशी ही दोन बायकांची दोन दुकाने एकाच गल्लीत समोरासमोर होती आणि दोन्हींत लेखकांचा राबता होता. दोघींचे वैर नव्हते, सख्य होते. १९२१ सालच्या डिसेंबरात मोनिएबाईंच्या दुकानात जेम्स जॉइस या आयरिश लेखकाच्या 'युलिसिस' कादंबरीवर एक व्याख्यान झाले आणि तिच्यातले काही उतारे वाचले गेले. पुस्तक अजून छापून व्हायचे होते. अमेरिकेत ते मासिकातून क्रमशः येत असता अश्लील ठरून खटला झाला होता, आणि कुणी प्रकाशक त्याला हात लावीना. म्हणून निमंत्रणातच बजावले होते की काही मजकूर ऐकून धक्का बसेल. तरी अडीचशे माणसे त्या लहान जागेत दाटीवाटीने बसली. आणि लेखक कुठे होता? आतल्या खोलीत पडद्याआड लपून बसला होता! व्याख्यात्याने त्याला हाताला धरून बाहेर ओढून आणले. हल्लीच्या काही लेखकांना हे सांगावेसे वाटते, पण असो.

ते पुस्तक शेवटी बीचबाईंनी स्वतः छापले. प्रकाशनाचा अनुभव शून्य. आगाऊ वर्गणीदार मिळवून त्यांनी १९२२ सालच्या २ फेब्रुवारीला, जॉइसच्या चाळिसाव्या वाढदिवशी, ते बाहेर काढले. एक हजार प्रती. त्यांतल्या शंभर प्रती भारी कागदावर आणि लेखकाच्या सहीच्या, त्यांची किंमत साडेतीनशे फ्रँक. साध्या साडेसातशे प्रतींची दीडशे. मधल्या दीडशे प्रती अडीचशेच्या. म्हणजे सहीला मोल असते हे दुकानदाराला तेव्हाही कळत होते. पुढे १९३४ साली अमेरिकेतल्या एका बड्या प्रकाशकाने ते पुस्तक काढले, तेव्हा बीचबाईंच्या पदरात काही पडले नाही. ज्या बाईने कुणी विचारीत नव्हते तेव्हा पदरमोड केली, तिलाच विसरले! ही रीतही काही आपल्याकडचीच आहे असे नाही.

माझ्या विषयाचा खरा भाग येथे आहे. १९२९ नंतर अमेरिकेत मोठी मंदी आली. पॅरिसमध्ये राहणारे अमेरिकन लोक घरोघर परतले आणि बीचबाईंचे गिऱ्हाईक तुटले. १९३५च्या सुमारास दुकान बंद करावे असे त्यांच्या मनाने घेतले. ही गोष्ट आंद्रे जीद या थोर फ्रेंच लेखकाच्या कानी गेली. त्याने इतर लेखक जमवले. आधी सरकारकडे अर्ज झाला, पण बाई परदेशी, म्हणून सरकारला मदत करता येईना. तेव्हा लेखकांनी एक मित्रमंडळ काढले. वर्षाला दोनशे फ्रँक वर्गणी, दोन वर्षांसाठी. सभासद दोनशेच, कारण त्याहून जास्त माणसे दुकानात मावतच नव्हती. आणि सभासदांना मिळणार काय? तर १९३६ आणि १९३७ या वर्षांत लेखकांनी दुकानात येऊन आपले अप्रकाशित लिखाण वाचून दाखवायचे. स्वतः जीद यांनी वाचले, पॉल व्हॅलेरी यांनी वाचले. टी. एस. एलियट हे कवी लंडनहून मुद्दाम येऊन वाचून गेले. हेमिंग्वे नावाचे कादंबरीकार मोठे धीट, युद्धाच्या धामधुमीत वावरणारे, पण चारचौघांत वाचायचे म्हटले की त्यांना नको वाटे. त्यांनी अट घातली की स्टीफन स्पेंडर हे कवी बरोबर वाचणार असतील तरच मी वाचेन. मग दोघांनी मिळून वाचले. त्या वाचनांनी दुकान तगले. म्हणजे पाहा, आज आपल्याला जी नुसती करमणूक वाटते, तीवर त्या दुकानाचा संसार चालला.

पुढची हकीगत थोडक्यात सांगते. १९४१ साली पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना एक जर्मन अधिकारी दुकानात आला आणि काचेतले जॉइसचे एक पुस्तक मागू लागला. ती शेवटची प्रत होती आणि बीचबाईंनी ती द्यायचे नाकारले. तो पुन्हा आला आणि सगळा माल जप्त करण्याची धमकी देऊन गेला. त्याची पाठ वळताच बाईंनी आणि त्यांच्या स्नेह्यांनी सगळी पुस्तके कपड्यांच्या टोपल्यांत भरून जिना चढून वरच्या रिकाम्या बिऱ्हाडात नेली. फळ्या काढल्या, पाटीवर रंग फिरवला. दोन तासांत तेथे दुकान होते याची खूणही उरली नाही. बाईंना पुढे सहा महिने अटकेत काढावे लागले, पण पुस्तके त्या लोकांच्या हाती लागली नाहीत. ते दुकान मात्र पुन्हा उघडले नाही. आज पॅरिसमध्ये त्याच नावाचे जे दुकान आहे ते वेगळे. ते जॉर्ज व्हिटमन यांनी १९५१ साली दुसऱ्या नावाने काढले आणि १९६४ साली बीचबाईंच्या स्मरणार्थ हे नाव घेतले. आता त्यांची मुलगी ते चालवते आणि तिचे नावही सिल्व्हियाच. लेखकांची वाचने तेथे आजही होतात.

आता आपल्या मुंबईत परत येऊ. कोटातले 'स्ट्रँड बुक स्टॉल' हे दुकान १९४८ सालापासूनचे. नोकरीला जाणाऱ्या कितीतरी माणसांनी तेथे पगाराच्या दिवशी पुस्तके घेतली. ते २०१८ साली बंद झाले. 'किताबखाना' २०११ साली सुरू झाले. त्याला २०२० सालच्या डिसेंबरात आग लागली, पण काही महिन्यांत २०२१ साली ते पुन्हा उभे राहिले. तेथेही लेखकांच्या भेटी होतात. म्हणजे आगीतून दुकान वर येऊ शकते. गिऱ्हाईक तुटले तर मात्र वर येणे कठीण.

मी जाते त्या दुकानाच्या मालकांशी माझी आता ओळख झाली आहे. पूर्वी आठवड्याला एक वाचन होई, या वर्षी महिन्याला एकच होते. कारण विचारले तेव्हा ते संकोचून म्हणाले, "वहिनी, खुर्च्या भरतात, गल्ला भरत नाही." मी नीट पाहू लागले, तेव्हा लक्षात आले. माणसे येतात, ऐकतात, टाळ्या देतात. मग पुस्तक हाती घेऊन वेष्टनाचे फोनवर चित्र काढतात आणि तेथेच उभ्या उभ्या फोनवरून ते स्वस्तात मागवतात. एका गृहस्थांनी तर दुसऱ्या दिवशी घरपोच आलेली प्रत पुढच्या वाचनाला सहीसाठी आणली. लेखिकेने सही दिली, ती काय करणार? पण वाचनाच्या दिवशी दिवे, खुर्च्या, उशिरापर्यंत थांबणारी दोन माणसे, प्रकाशकाकडून आधी मागवून ठेवलेल्या प्रती, हा सगळा खर्च दुकानाचा असतो. तो निघायचा पुस्तकामागे सुटणाऱ्या चार पैशांतून. फोनवरून विकणाऱ्याला खुर्च्या मांडाव्या लागत नाहीत, म्हणून त्याला सूट देणे परवडते. फ्रान्समध्ये यावर १९८१ साली कायदाच झाला. नव्या पुस्तकाच्या छापील किमतीवर पाच टक्क्यांहून अधिक सूट कुणालाच देता येत नाही, मग दुकान लहान असो की मोठे. आपल्याकडे तसा कायदा नाही. आपल्याकडे तुम्ही आणि मी आहोत.

म्हणून आता पुस्तकनिधीकडे येते. आपल्या खजिनदारबाईंचे म्हणणे असे की मंडळाची पुस्तके फोनवरूनच मागवावीत. त्यांनी मला हिशेब दाखवला. गेल्या वर्षी निधीतून बावीस पुस्तके आली, तीच दुकानातून घेतली असती तर एकोणीस आली असती. हिशेब बरोबर आहे, त्यात खोट नाही. पैसा वर्गणीचा आहे, कित्येकींनी तो घरखर्चातून काढून दिलेला आहे, आणि तीन पुस्तके म्हणजे थोडी नव्हेत. खजिनदारबाई चिकट आहेत असे जे कुणी म्हणते ते मला मान्य नाही. त्या चोख आहेत म्हणून आपले मंडळ चालले आहे.

पण माझाही एक हिशेब आहे. गेल्या वर्षी आपल्या मंडळातल्या नऊजणी माझ्याबरोबर मिळून चार वाचनांना आल्या. कुणाला एक पैसा पडला नाही. त्यांतल्या दोघी पूर्वी कोटात एकट्या कधी गेल्या नव्हत्या, आता जातात. एकीने, नाव सांगत नाही, ती येथेच बसली आहे, घरी जाऊन वहीत चार पाने लिहिली आणि मला वाचायला दिली. हे सगळे त्या तीन पुस्तकांच्या किमतीत बसते की नाही, ते मला पाटीवर मांडून दाखवता येणार नाही. मी एवढेच सुचवते की सगळा निधी नको, निम्मा तरी त्या दुकानी खर्च व्हावा. ज्या लेखकाचे वाचन आपण ऐकू, त्याचे एक पुस्तक मंडळासाठी तेथेच घ्यावे आणि त्यावर मंडळाच्या नावाने सही घ्यावी. आपल्या पेटीत अशी दोन पुस्तके आजच आहेत. त्यांना सर्वांत जास्त मागणी असते, हे ग्रंथपाल म्हणून काम पाहणाऱ्या ताईंना विचारा. खजिनदारबाईंनी सभेत याला विरोध केला तर जरूर करावा, मी रागावणार नाही. पण मत देण्याआधी त्यांनी एकदा माझ्याबरोबर यावे, एवढी विनंती आहे. खुर्ची मी धरून ठेवीन.

पुढले वाचन येत्या महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी संध्याकाळी सहाला आहे. एक लेखिका येणार आहेत. आपण पाच वाजता नाक्यावर जमू आणि बसने जाऊ. परत यायला साडेआठ होतील, तेव्हा भात-आमटी करून ठेवावी आणि पोळ्या आल्यावर लाटाव्यात. किंवा त्या दिवशी घरच्यांनीच बाहेरून आणाव्यात, तेही चालेल. मुलांना आणायला हरकत नाही, पण अगदी लहान असेल तर दाराजवळच्या खुर्चीवर बसावे म्हणजे उठून जाता येते. ज्यांना यायचे असेल त्यांनी चहाच्या वेळी चिटणीसबाईंच्या वहीत नाव लिहावे. आतापर्यंत सहा नावे आली आहेत.